नमनाला किती तेल? ओएफडीएममध्ये पायलट किती आणि कुठे ठेवायचे

चौकोनी_कंदील (धागालेखक)

मंडळी, गेले तीन आठवडे एका लिंक सिम्युलेटरशी (रेडिओ दुव्याची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम) झटापट चालू आहे. आता डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा.

मांडणी अशी: ओएफडीएम, म्हणजे डेटा अनेक अरुंद वाहकांवर (सबकॅरिअर) एकाच वेळी वाटून पाठवायचा. ३.५ गिगाहर्ट्झ, ३० किलोहर्ट्झचे सबकॅरिअर, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाचा स्लॉट आणि त्यात १४ सिम्बॉल (वेळेचे तुकडे). पाठवायचं ग्रिड (सबकॅरिअर आणि सिम्बॉल यांची चौकट) एका तयार लायब्ररीतून बनवून घेतो, चॅनेल आणि रिसीव्हर मात्र मी स्वतः लिहिलेत. लेअर (एकाच वेळी जाणारा डेटाचा प्रवाह) एकच. डीएमआरएस, म्हणजे डेटासोबत जाणारे पायलट, फक्त सिम्बॉल २ वर (मोजणी शून्यापासून). त्या सिम्बॉलमध्ये एकाआड एक सबकॅरिअरवर पायलट, उरलेल्यांवर डेटा. तिथे चॅनेलचा अंदाज काढायचा आणि स्लॉट संपेपर्यंत तोच वापरायचा.

ताशी ३ किमी वेगाला सगळं मस्त. १२० ला १६-क्वॅमचे (एका वेळी चार बिट पाठवायची पद्धत) डेटा-ब्लॉक सारखे चुकतात. मला वाटलं नॉइज जास्त असेल, म्हणून एसएनआर (सिग्नल विरुद्ध नॉइज) १५ वरून २०, ३० आणि शेवटी वैतागून ६० डीबी केला. आलेख एका पातळीवर आडवा झाला तो झालाच. मग २, ५, ८, ११ अशा चार सिम्बॉलांवर पायलट टाकले. चुका गेल्या, पण निव्वळ थ्रूपुट मोजला तर ग्रिडचा मोठा तुकडा पायलटनीच गिळलेला. नमनालाच घडाभर तेल.

प्रश्न साधा आहे. किती पायलट पुरेत, हे आधी कागदावर काढता येतं का? माझे गाइड म्हणतात, "स्टँडर्ड वाच." वाचलं. त्यात पर्यायांचे तक्ते आहेत, कुठला पर्याय कधी घ्यायचा याबद्दल चकार शब्द नाही.

सदानकदा

धागा उघडला, दोनदा वाचला, 'मंडळी' हा शब्द समजला. पायलट म्हणजे नक्की काय ते आमच्यासारख्यांना एका परिच्छेदात सांगाल का? विमानाशी संबंध नसावा असं धरून चालतो.

चौकोनी_कंदील

@सदानकदा, हा हा, नाही. सिग्नल हवेतून येताना कुठे क्षीण होतो, कुठे त्याची फेज फिरते, भिंतींवरून परावर्तित झालेल्या प्रती एकमेकींत मिसळतात. रिसीव्हरला हे सगळं उलटं फिरवायचं असतं, पण त्यासाठी हवेने नेमकं काय केलं ते कळायला हवं. म्हणून पाठवणारा मधूनमधून असे सिम्बॉल पाठवतो जे रिसीव्हरला आधीपासून पाठ असतात. आलेल्याला पाठवलेल्याने भागलं की त्या जागेपुरता चॅनेल मिळाला. दोन पायलटांच्या मधल्या जागांचा अंदाज बांधायचा. पायलट म्हणजे माहिती नाही, नुसती मोजपट्टी. ती ठेवायला डेटाचीच जागा जाते, म्हणून हा जीव मेटाकुटीला.

टॉवरवरचा_कावळा

कंदीलराव, तुमचा आलेख आडवा का झाला ते कागदावर पाच मिनिटांत निघतं. बसा.

१२० किमी म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. ३.५ गिगाहर्ट्झला कमाल डॉपलर (वेगामुळे फ्रीक्वेन्सी सरकते ती) ३८९ हर्ट्झ. सिम्बॉल २ पासून शेवटच्या सिम्बॉल १३ पर्यंत ११ सिम्बॉलांचं अंतर, म्हणजे साधारण ०.३९३ मिलिसेकंद. लहरी चहूबाजूंनी येतात असं धरलं (क्लार्कचं मॉडेल, तुमच्या सिम्युलेटरमध्येही बहुतेक तेच असेल) तर या दोन क्षणांमधलं चॅनेलचं सहसंबंध-मूल्य बेसेल फलनाने मिळतं: जे-शून्य, कंसात २π गुणिले ३८९ गुणिले ०.०००३९३. म्हणजे जे-शून्य (०.९६). उत्तर ०.७८.

आता सिम्बॉल २ चा अंदाज तसाच्या तसा १३ वर वापरलात. चूक किती? २ गुणिले (१ वजा ०.७८), म्हणजे सुमारे ०.४४. चॅनेलची सरासरी शक्ती १ धरली तर शेवटच्या सिम्बॉलवर सिग्नल आणि चूक यांचं गुणोत्तर उरतं ३.६ डीबी. यात नॉइज अजून आलेलाच नाही! तुम्ही एसएनआर ६० करा नाहीतर ६०० करा, त्या सिम्बॉलला ३.६ च्या वर काही दिसणार नाही. १६-क्वॅम त्यात जगत नाही.

आता सिम्बॉल २ आणि ११ असे दोनच ठेवा आणि मध्ये सरळ रेघ मारा. सगळ्यात वाईट जागा बरोबर मधली, दोन्हीकडून साडेचार सिम्बॉल दूर. तिथलं सहसंबंध-मूल्य ०.९६२, दोन पायलटांमधलं आपापसातलं ०.८५२. बरोबर मध्ये सरासरी घेतली की चूक येते १ + ०.९२६ − १.९२४, म्हणजे ०.००२ च्या आसपास. २६ डीबी. एका जादा सिम्बॉलने तुम्ही ०.४४ वरून ०.००२ वर आलात. चार कशाला?

खर्च: तुमच्या एका ब्लॉकात १२ सबकॅरिअर गुणिले १४ सिम्बॉल, १६८ आरई (चौकटीतली घरं). पूर्ण सिम्बॉल पायलटला दिला तर १२, म्हणजे ७.१ टक्के. दोन दिले तर १४.३, चार दिले तर २८.६. चार सिम्बॉल हे २६ डीबीचं ४५ करण्यासाठी दिलेले पैसे आहेत, जेव्हा तुमचा नॉइजच २० वर बसलेला आहे.

सदानकदा

मोजपट्टी समजली. बेसेल आला तिथे मी उतरलो. वाचत राहतो.

अनुनाद

कावळेकाकांचं गणित बरोबर आहे, पण मी हेच दुसऱ्या बाजूने मांडतो, कारण कंदीलने विचारलेल्या 'आधी कागदावर'चं खरं उत्तर तिकडे आहे.

चॅनेल हा वेळ आणि फ्रीक्वेन्सी अशा दोन दिशांना बदलणारा पृष्ठभाग आहे आणि पायलट म्हणजे त्याचे नमुने. मग नायक्विस्ट (नमुने निदान किती दाट हवेत हे सांगणारा नियम) दोन्ही दिशांना लागू. वेळेच्या दिशेला पायलटांतलं अंतर १ भागिले (२ × डॉपलर) पेक्षा कमी हवं: ३८९ हर्ट्झला १.२९ मिलिसेकंद. फ्रीक्वेन्सीच्या दिशेला १ भागिले सगळ्यात उशिरा येणाऱ्या प्रतीचा विलंब.

हा विलंब किती धरायचा? ओएफडीएम नीट चालायचं तर तो सायक्लिक प्रीफिक्सच्या (सीपी, सिम्बॉलआधी जोडलेली त्याच्याच शेपटीची प्रत) आत हवा. १५ किलोहर्ट्झला नेहमीचा सीपी ४.७ मायक्रोसेकंद, म्हणून अंतराची मर्यादा २१३ किलोहर्ट्झ, म्हणजे १४ सबकॅरिअर. ३० किलोहर्ट्झला सीपी निम्मा, मर्यादा दुप्पट, सबकॅरिअरही दुप्पट रुंद. उत्तर पुन्हा १४. सीपी आणि सिम्बॉल यांचं प्रमाण जोवर तेच आहे तोवर हा १४ हलत नाही. मला हा आकडा फार आवडतो.

आता कंदीलचं ग्रिड बघा. फ्रीक्वेन्सीच्या दिशेला दर दुसऱ्या सबकॅरिअरवर पायलट, म्हणजे गरजेपेक्षा सातपट दाट, तेही सीपी भरून जाईल इतका विलंब धरून. वेळेच्या दिशेला स्लॉटभरात एक! बाबा रे, तुझ्याकडे पायलट कमी नव्हतेच. सहाच्या सहा एकाच रांगेत उभे होते आणि चॅनेल बदलत होता दुसऱ्याच दिशेने.

वायफायवाली

@अनुनाद, मग नायक्विस्टच्या हिशेबाने अर्ध्या मिलिसेकंदाच्या स्लॉटला एक पायलट पुरायला हवा की. मर्यादा १.२९ आहे ना? तरी त्याचं गाडं अडलं.

अनुनाद

रास्त शंका. दर स्लॉटला एक पायलट मिळत राहिला आणि आधीचे-नंतरचे अनेक स्लॉट धरून नीट फिल्टर लावला तर पुरेल. पण कंदील प्रत्येक स्लॉट स्वतंत्र सोडवतोय. त्याला एकच नमुना मिळतो आणि एका नमुन्यातून वक्र निघत नाही. प्रत्यक्षातही पुढचा स्लॉट आपल्यालाच मिळेल याची खात्री नसते, आणि मिळाला तरी बेस स्टेशनने प्रीकोडिंग (अँटेनांवर सिग्नल कसा वाटायचा ते) बदललेलं असू शकतं. डीएमआरएस डेटाबरोबरच प्रीकोड होतो, त्यामुळे मागच्या स्लॉटचा अंदाज ताज्या स्लॉटशी जोडता येईलच असं नाही. म्हणून हिशेब स्लॉटच्या आतच करावा लागतो. शिवाय नायक्विस्टची सीमा अनंत नमुने आणि शून्य नॉइज यांच्यासाठी आहे, त्यामुळे निम्म्या अंतरावर राहावं हा जुना ठोकताळा.

शून्यमाध्य

मला एक खटकतंय. सगळे "पायलट वाढवा, पायलट हलवा" म्हणताहेत, रिसीव्हरच्या डोक्याबद्दल कोणी बोलत नाही. चॅनेलची सांख्यिकी माहीत असेल तर एमएमएसई अंदाज (सरासरी वर्ग-चूक सगळ्यात कमी ठेवणारा) काढा. तसाच्या तसा धरून ठेवणं हा सगळ्यात बिनडोक अंदाज आहे. एकाच सिम्बॉलवरून चांगलं काम होऊ शकेल.

टॉवरवरचा_कावळा

करून बघा. एका नमुन्यावरून सर्वोत्तम रेषीय भाकीत म्हणजे सहसंबंध-मूल्याने गुणणं, इतकंच. चूक उरते १ वजा ०.७८ चा वर्ग, म्हणजे ०.३९. बिनडोक पद्धतीत ०.४४ होती. सगळं डोकं खर्च करून अर्धा डीबी मिळाला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शून्यमाध्य

मान्य, या बाबतीत. पण फ्रीक्वेन्सीच्या दिशेला माझं म्हणणं सोडणार नाही. तिथे पायलट दाट आहेत आणि सगळ्यांवरचा नॉइज वेगवेगळा आहे, त्यामुळे वीनर फिल्टर लावून सरासरीतून नॉइज खाली आणता येतो. सातपट दाट असणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी नाही. पण तो फायदा किती मिळणार हे एका सलग पट्ट्यात किती ब्लॉक आहेत त्यावर ठरतं. प्रीकोडिंग दर दोन ब्लॉकांनी बदलत असेल तर सरासरी २४ सबकॅरिअरच्या आतच. वर प्रत्येक पट्ट्याला दोन कडा, आणि कडेला एकाच बाजूचे शेजारी असल्यामुळे अंदाज नेहमी खराब. कंदीलने चूक सबकॅरिअरनुसार काढली तर त्याला ती कडांना वर वळलेली दिसेल.

वायफायवाली

मी वेगळ्या गावची, म्हणून विचारते. आमच्या ८०२.११ए (वायफायचं एक जुनं स्टँडर्ड) मध्ये ५२ सबकॅरिअर, त्यातले ४८ डेटाचे आणि पायलट फक्त ४. चार! तुमच्या हिशेबाने आमचं काहीच चालायला नको.

(उत्तर मला माहीत आहे, पण धाग्यात यावं म्हणून.)

अनुनाद

सांगा की मग. :)

वायफायवाली

बरं. ते चार चॅनेल अंदाजासाठी नाहीतच. चॅनेल मोजला जातो पॅकेटच्या सुरुवातीच्या लाँग ट्रेनिंग फील्डमध्ये: ८ मायक्रोसेकंद, त्यात ३.२ चा एकच सिम्बॉल दोनदा आणि सगळ्या ५२ सबकॅरिअरवर पायलट. म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या दिशेला पोकळीच नाही, आणि दोनदा आल्यामुळे सरासरीही घेता येते. मग पॅकेटभर तोच अंदाज. पुढचे चार फक्त ऑसिलेटरची सरकणारी फेज पकडतात. ती सगळ्या सबकॅरिअरना एकसारखी फिरवते, म्हणून चार पुरतात. पॅकेट आखूड आणि वापरणारा बसलेला किंवा चालणारा, म्हणून हे जमतं. पळत्या गाडीत लांब पॅकेट पाठवा, म्हणजे कंदीलच्याच खड्ड्यात पडाल.

टॉवरवरचा_कावळा

फार छान उदाहरण. मोबाईलमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे: पीटीआरएस, म्हणजे फेजचा माग ठेवणारे पायलट. मिलिमीटर लहरींत ऑसिलेटरचा फेज नॉइज त्रास देतो. तो सिम्बॉलागणिक बदलतो पण पट्टाभर जवळपास सारखाच असतो. म्हणून पीटीआरएस दर दुसऱ्या किंवा चौथ्या ब्लॉकात एकाच सबकॅरिअरवर, वेळेत मात्र प्रत्येक, दर दुसऱ्या किंवा दर चौथ्या सिम्बॉलला. डीएमआरएसचं चित्र नव्वद अंशात फिरवून ठेवल्यासारखं. जी गोष्ट ज्या दिशेला पळते, मोजपट्टी त्या दिशेला.

आता जुन्या काळची गोष्ट, कारण पोराने 'स्टँडर्ड काही सांगत नाही' अशी तक्रार केलीय. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीत (रिलीज ८, २००८) निवडायला काही नव्हतंच. सीआरएस, म्हणजे सेलमधल्या सगळ्यांसाठी सामाईक पायलट. पहिल्या अँटेनाचे पायलट १४ पैकी ०, ४, ७, ११ या सिम्बॉलांवर, प्रत्येकात दर सहाव्या सबकॅरिअरवर, आणि एकाआड एक सिम्बॉलाला तीन सबकॅरिअर सरकवून. चौकटीवर शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी उमटते. सरकवण्यात खुबी आहे: फक्त आठ आरई खर्चून दोन्ही दिशांना पुरेसे नमुने मिळतात. १६८ पैकी ८, म्हणजे ४.८ टक्के. दोन अँटेनांना ९.५. चार अँटेनांना १९ व्हायला हवं होतं, पण तिसऱ्या-चौथ्याला निम्मेच पायलट दिले आणि १४.३ वर भागवलं. म्हणजे त्यांचा अंदाज वेगवान गाडीत कच्चा राहणार हे मान्य करूनच. चार लेअरची हौस गाडी उभी असतानाच भागते, असा त्यांचा कयास. मला तो शहाणपणाचा वाटतो.

पण सीआरएसची खोड अशी की तो कायम चालू. सेलमध्ये चिटपाखरू नसलं तरी पायलट जातच राहणार, शेजारच्या सेलला त्रास आणि बेस स्टेशनला झोप नाही. ५जीमध्ये (रिलीज १५, २०१८) तो काढून टाकला. डेटा जाईल तेव्हाच आणि तिथेच डीएमआरएस.

अवांतर: सेलच्या ओळखक्रमांकाला ६ ने भागून जी बाकी उरते तितकी ती नक्षी सरकते. दोन अँटेना असतील तर दर तिसरी जागा भरलेली, म्हणून ३ ची बाकी बघायची. एका साइटवर मी दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. नवं नेटवर्क, एकही ग्राहक नाही, तरी चाचणीच्या फोनवर एसआयएनआर (सिग्नल विरुद्ध नॉइज आणि शेजाऱ्यांचा अडथळा) मरतुकडा. समोरासमोरच्या दोन सेलांची ३ ची बाकी एकच होती. रिकाम्या नेटवर्कमध्ये डेटा शांत, पण पायलट बरोबर पायलटवर आदळत होते. क्रमांक बदलला, आकडा उसळला, सगळे खूश. गंमत म्हणजे भरलेल्या नेटवर्कमध्ये त्या बदलाने फारसं काही साधत नाही, कारण आता शेजाऱ्याचे पायलट तुमच्या डेटावर पडतात आणि त्याचा डेटा तुमच्या पायलटवर. रिपोर्टमध्ये मात्र फोटो पहिल्या दिवसाचा जातो.

वायफायवाली

शेवटच्या वाक्याला +१००.

चौकोनी_कंदील

सगळ्यांचे आभार! काल रात्री बसून २ आणि ११ केलं, मध्ये सरळ रेघ. १२० किमीला आडवा आलेख गेला. काका, मधल्या सिम्बॉलची चूक तुम्ही सांगितल्याच्या आसपासच आली, मोजताना अंगावर काटा आला.

पण आता नवीनच भूत. काकांनी "पूर्ण सिम्बॉल पायलटला दिला तर" असं लिहिलं होतं, म्हणून लायब्ररीत पायलटांमधल्या जागांवरचा डेटा बंद केला, म्हणजे दोन्ही सीडीएम गट (सबकॅरिअरचे सम-विषम असे दोन संच) डेटाविना. बाकी काही बदललं नाही. क्यूपीएसके (एका वेळी दोनच बिट) उत्तम. १६-क्वॅम अगदी ३ किमीलाही डळमळीत, थोडा नॉइज आला की कोसळतं. ६४-क्वॅम नॉइज शून्य असतानाही चुकतं! डेटा कमी केला आणि स्थिती बिघडली, हे कसं?

शून्यमाध्य

इक्वलायझरनंतरचं (चॅनेलने भागल्यावरचं) कॉन्स्टेलेशन, म्हणजे आलेल्या बिंदूंचं चित्र, काढ आणि कोपऱ्यातल्या बिंदूचा आकडा सांग. १६-क्वॅम ±१, ±३ अशा मापात.

चौकोनी_कंदील

±०.७१ आणि ±२.१२. चौकट तीच आहे, आक्रसलीय.

शून्यमाध्य

३ भागिले २.१२ किती? १.४१४. सापडलं. :)

डेटाने रिकाम्या ठेवलेल्या जागांची शक्ती वाया घालवत नाहीत, ती पायलटला देतात. एक गट रिकामा असेल तर पायलट आणि डेटा सारख्याच शक्तीचे. दोन गट रिकामे म्हणजे पायलट ३ डीबीने वर. दुसऱ्या प्रकारच्या डीएमआरएसमध्ये तीन गट रिकामे असतील तर ४.७७. तुझी लायब्ररी स्टँडर्डप्रमाणे पायलट √२ पटीने पाठवतेय आणि तुझा रिसीव्हर त्यांना एकने भागतोय. चॅनेल १.४१ पट मोठा दिसतो, डेटाला त्याने भागलं की डेटा ०.७१ पट.

क्यूपीएसकेचा निर्णय फक्त चिन्हावर, त्याला आक्रसण्याचं सोयरसुतक नाही. १६-क्वॅममध्ये १ आणि ३ ची सीमा २ वर असते, तुझा ३ आला २.१२ वर, म्हणजे कड्याच्या टोकावर उभा. ६४-क्वॅममध्ये ७ चा झाला ४.९५. तो ५ च्या शेजारी, म्हणून नॉइज नसतानाही ठाम चूक. भागताना पायलटची खरी उंची घे.

चौकोनी_कंदील

एक ओळ. एका ओळीसाठी अख्खी रात्र. चाललं! आणि वर पायलट ३ डीबी उंच असल्यामुळे अंदाजावरचा नॉइज निम्मा झाला, तो फायदाही दिसतोय.

यावरून पुढचा प्रश्न: पायलटची संख्या वाढवण्यापेक्षा उंची वाढवणं बरं का मग?

अनुनाद

इथे एक निकाल ठाऊक असावा. हसिबी आणि हॉकवाल्ड यांचा २००३ चा पेपर नेमका याच प्रश्नावर आहे. त्यांनी चॅनेल ठरावीक काळ स्थिर राहतो आणि मग एकदम बदलतो असं धरलं. पायलट आणि डेटाची शक्ती वेगवेगळी ठेवायची मुभा असेल, तर पायलटांची सर्वोत्तम संख्या म्हणजे पाठवणाऱ्या अँटेनांची संख्या, एकही जास्त नको, बाकी सगळं उंचीने भागवा. शक्ती सारखीच ठेवायची सक्ती असेल तर मात्र जास्त पायलट लागू शकतात, आणि एसएनआर फार कमी असेल तर अर्धा वेळ नुसत्या पायलटमध्ये घालवणं फायद्याचं ठरतं. अर्धा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते चुकीचं वाटलं होतं. पण चॅनेलच माहीत नसेल तर उरलेल्या अर्ध्यात काय बोलणार?

तुझ्या बाबतीत चॅनेल स्लॉटच्या आतच बदलतोय, म्हणून 'एकच पुरे' लागू नाही. उंची नॉइज मारते, डॉपलर मारत नाही. ०.४४ ची चूक पायलट कितीही उंच केला तरी ०.४४ च.

दुर्मिळ_प्रतिसादक

सहसा लिहीत नाही, पण इथे एक बाजू राहतेय. तुम्ही सगळे एकाच दुव्याबद्दल बोलताय. अँटेना वाढल्या की प्रश्नाचं रूपच बदलतं.

बेस स्टेशनवर १०० अँटेना आहेत असं धरा. प्रत्येकीसाठी खालच्या दिशेने वेगळा पायलट पाठवायचा तर डेटाला जागाच उरत नाही. ५जीच्या रिलीज १५ मधला सीएसआय-आरएस (फोनने चॅनेल मोजून कळवावा म्हणून पाठवलेले पायलट) ३२ पोर्टांपर्यंत जातो, आणि त्यापुढे फोनने सगळं मोजून परत कळवायचं हा आणखी एक खर्च. टीडीडीमध्ये (दोन्ही दिशांना आळीपाळीने पाठवायचं) पळवाट आहे: दोन्ही दिशांना फ्रीक्वेन्सी एकच, म्हणून हवेतला चॅनेलही एकच. पायलट फोनने पाठवायचे आणि बेस स्टेशनने मोजायचे. मग पायलटांची गरज अँटेनांवर नाही तर फोनांच्या संख्येवर ठरते. (दोन्ही टोकांची सर्किटं मात्र सारखी नसतात, ती जुळवून घ्यावी लागतात.)

मार्झेटा यांच्या २०१० च्या पेपरमध्ये अनुनादचा लाडका १४ पुन्हा भेटतो. सात सिम्बॉलांचा स्लॉट, त्यातले ३ पायलटना. चॅनेल १४ सबकॅरिअरपर्यंत साधारण गुळगुळीत, म्हणून १४ गुणिले ३, एका सेलमध्ये ४२ फोन. पण शेजारच्या सेललाही त्याच ४२ जागा वापराव्या लागतात. तिथल्या फोनचा पायलट तुमच्या फोनच्या पायलटवर येऊन बसतो आणि बेस स्टेशन दोघांच्या चॅनेलची बेरीज 'माझा फोन' म्हणून लक्षात ठेवतं. मग अँटेना अनंत केल्या तरी नॉइज जातो, ही भेसळ जात नाही, उलट शिस्तीत त्या परक्या फोनकडेही बीम जातो. याला पायलट कंटॅमिनेशन म्हणतात.

शेजारी सेलांना वेगळे पायलट संच वाटून देता येतात, तीन सेलांत एक किंवा सातांत एक असे. म्हणजे पुन्हा तेल.

टॉवरवरचा_कावळा

माहितीपूर्ण. दुर्मिळ राहू नका.

चौकोनी_कंदील

शेवटचे दोन आकडे देतो आणि एक प्रश्न.

वेग ३०० किमीला नेला. डॉपलर ९७२ हर्ट्झ, म्हणजे नायक्विस्टची मर्यादा ०.५१ मिलिसेकंद. २ आणि ११ मधलं अंतर ०.३२, म्हणजे मर्यादेच्या आत. तरी सरळ रेघेने मधली चूक काकांच्या पद्धतीने काढली तर ०.०७६, जेमतेम ११ डीबी. २, ७, ११ केलं की सगळ्यात मोठी फट पाच सिम्बॉलांची, चूक ०.००८, २१ डीबी. म्हणून तक्त्यात तीनचा पर्याय आहे तर! निम्म्या अंतराचा ठोकताळाही इथे बरोबर बसला: पाच सिम्बॉल म्हणजे ०.१८, ०.५१ च्या निम्म्याहून कमी.

प्रश्न असा: ११ नंतरचे १२ आणि १३ हे दोन सिम्बॉल. तिथे पलीकडे पायलट नाही. मी रेघ तशीच पुढे वाढवतो (१२० किमी, २ आणि ११ वर पायलट). एसएनआर ३० ला मस्त. १० ला मात्र सिम्बॉल १३ सगळ्यांत वाईट, ११ चा अंदाज 'तसाच धरून ठेव' यापेक्षाही वाईट. असं का?

टॉवरवरचा_कावळा

रेघ पुढे वाढवणं म्हणजे सिम्बॉल ११ च्या अंदाजाला १.२२ ने गुणून त्यातून सिम्बॉल २ च्या अंदाजाचे ०.२२ वजा करणं. दोन्हींवरचा नॉइज स्वतंत्र, म्हणून नॉइज १.२२ चा वर्ग अधिक ०.२२ चा वर्ग, म्हणजे १.५४ पट होतो. त्या बदल्यात डॉपलरची चूक ०.०१५ वरून ०.००२५ वर येते.

आता अंदाजावरचा नॉइज ०.१ असेल (१० डीबी) तर धरून ठेवून एकूण ०.११५, रेघ वाढवून ०.१५७. धरून ठेवलेलं बरं. नॉइज ०.००१ असेल तर ०.०१६ विरुद्ध ०.००४. रेघ बरी. दोन्ही कुठे सारखे होतात ते काढा.

चौकोनी_कंदील

०.०२३. म्हणजे १६ डीबीच्या जरा वर. आता रिसीव्हरमध्ये एक 'जर' टाकतो: त्याखाली धरून ठेव, त्यावर रेघ.

शून्यमाध्य

किंवा एमएमएसई लाव, तो हा 'जर' स्वतःच करतो. नॉइज वाढला की रेघ आपोआप आडवी होत जाते. इथे दोन नमुने आहेत, आता आडात पाणी आहे.

टॉवरवरचा_कावळा

हे मात्र मान्य.